घरचे गाणे परगावी

गाण्याची आवड असलेल्या मराठी घरात एक कपाट असे असते की, ज्याला घरातल्या इतर मंडळींनी हात लावायचा नसतो. वरच्या फळीवर तव्यांचे जड गठ्ठे, त्याखाली लाँगप्ले रेकॉर्डी, त्याखाली बिस्किटांच्या डब्यांतून आणि चपलांच्या खोक्यांतून रचलेल्या कॅसेटी, आणि सर्वांत खाली, आता वाजवायला यंत्रच उरले नाही अशी दोन-चार स्पूल. दिवाळीच्या साफसफाईत या कपाटावरून दरवर्षी एक लहानसा तंटा होतो. बिऱ्हाड बदलताना किंवा इमारत पुनर्विकासाला जाताना तो मोठा होतो. ‘‘हे सगळं फोनवर मिळतं की आता!’’ असे घरातली तरुण पिढी म्हणते आणि कपाटाच्या मालकाला त्यावर चटकन उत्तर सुचत नाही.

तरुण पिढीचे म्हणणे खोटे नाही. एकट्या ‘ॲपल’ कंपनीने आपल्या संगीतसेवेत दहा कोटी गाणी झाल्याचे २०२२ साली जाहीर केले. आपल्या कपाटात हजार-दोन हजार असतील तर डोक्यावरून पाणी! पण या दहा कोटींत जे नाही, तेच नेमके अशा कपाटात असते. आमच्याकडे वडिलांच्या हातच्या आणि माझ्या हातच्या मिळून २४० कॅसेटी आहेत. त्यांतल्या निम्म्या बाजारात मिळत होत्या तशाच. उरलेल्या निम्म्यांत आकाशवाणीवरून उतरवून घेतलेले कार्यक्रम आहेत, गावच्या दत्तमंदिरातली कीर्तने आहेत, कुणाच्या मुंजीत गायलेली मंगलाष्टके आहेत आणि आईच्या ओव्या आहेत. त्या जगातल्या कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत आणि यायच्याही नाहीत.

गेल्या दोन वर्षांत हे कपाट मी इंटरनेटवरून परगावच्या नातलगांना खुले केले. म्हणजे माझी बहीण बेळगावात, आतेबहीण इंदुरात आणि मुलगी डब्लिनला बसून आपापल्या फोनवर पुण्यातल्या आमच्या घरातली कोणतीही कॅसेट वाजवू शकते. हे कसे होते आणि ते करण्यासारखे का आहे, हे आज सांगायचे आहे.

भाड्याचे आणि मालकीचे

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महिन्याचे पैसे भरून आपण जी गाणी ऐकतो, ती आपली नसतात. ते भाड्याचे घर आहे. कंपनीचा आणि गाण्याच्या मालकाचा करार संपला की गाणे एका रात्रीत यादीतून नाहीसे होते. भाडे थांबले की सगळेच थांबते. स्वत:ची गाणी कंपनीच्या गोदामात ठेवणे हा मधला मार्ग झाला. पण तोही बेभरवशाचा. ‘गूगल’ने २०११ साली अशी सोय सुरू केली होती. घरची हजारो गाणी तिथे चढवायची आणि कुठूनही ऐकायची. २०२० साली ती सेवा बंद झाली. गाणी दुसऱ्या सेवेत हलवायला किंवा उतरवून घ्यायला मुदत दिली होती हे खरे. पण नोटीस वाचली नाही त्याचे काय? ‘मायस्पेस’ या एके काळच्या लोकप्रिय संकेतस्थळाने तर २०१९ साली मान्य केले की, सामान हलवताना सुमारे बारा वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी नष्ट झाली. त्यांत अनेक होतकरू गायक-वादकांच्या एकमेव प्रती होत्या.

तिसरा मार्ग म्हणजे गाणी आपल्याच घरात, आपल्याच यंत्रावर ठेवायची आणि रस्ता तेवढा इंटरनेटचा वापरायचा. हा मार्ग थोडा खटपटीचा आहे. पण अवघड नाही.

पंगतीतला वाढपी

यासाठी घरात एक छोटा संगणक सतत चालू ठेवावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. पंगतीतला वाढपी जसा पात्याशी वाकून ‘काय वाढू?’ असे विचारतो, तसे याचे काम. फोनवरून मागणी आली की हा कोठीतून गाणे काढतो आणि वाढतो. जुना लॅपटॉप चालतो. किंवा २०१२ पासून मिळणाऱ्या ‘रास्पबेरी पाय’सारखा हातावर मावणारा संगणकही पुरतो. त्यावर बसवायच्या ‘नेव्हिड्रोम’, ‘जेलीफिन’ अशा प्रणाली फुकट मिळतात आणि जगभरचे हौशी लोक त्यांची देखभाल करतात.

‘स्ट्रीमिंग’ या शब्दाचा फार बाऊ करण्याचे कारण नाही. नळाखाली हंडा भरून घरी न्यायचा आणि मग प्यायचे, ही जुनी पद्धत. नळाखाली ओंजळ धरून पीत राहायचे, ही नवी. फोन पुढच्या काही सेकंदांचे गाणे ओंजळीत धरून ठेवतो, त्यामुळे मध्येच धार बारीक झाली तरी घोट तुटत नाही.

धार किती लागते, याचा हिशेब सोपा आहे. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या आणि १९९५ साली ‘एमपी३’ हे नाव मिळालेल्या पद्धतीने, कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग वगळून तेच गाणे ५८ मेगाबाइटांत बसवता येते. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ ही पद्धत काहीही न वगळता आकार साधारण निम्म्यावर आणते. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी, हे उत्तम. मागणाऱ्याकडे इंटरनेटची धार बारीक असेल तर वाढपी जागच्या जागी त्याची लहान आवृत्ती करून पाठवतो. आमच्या २४० कॅसेटींचा, म्हणजे सुमारे ३०० तासांचा ऐवज अशा रीतीने १०० गिगाबाइटांच्या आसपास बसला. नखाएवढ्या मेमरी कार्डावर तो मावतो! वडिलांनी हे पाहिले असते तर आधी कार्ड उलटसुलट करून पाहिले असते.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हे शक्य नव्हते. पुढे आलेले वेगवान मोडेमदेखील सेकंदाला फार तर ५६ किलोबिट ओढत. साध्या एमपी३ गाण्याला १२८ लागतात. आज घरोघरी पोचलेल्या फायबरच्या तारेतून अशी अनेक गाणी एकाच वेळी बाहेर जाऊ शकतात. अडचण वेगळीच आहे. ती पत्त्याची.

पत्ता हरवलेली घरे

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. तेव्हा ते कधी संपणार नाहीत असे वाटले असावे. पण आशिया विभागाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ सालीच संपत आला. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला तो असा : शेकडो घरांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर एकच पत्रपेटी असावी, तसे. आपण घरातून पत्र टाकले आणि त्याचे उत्तर आले तर ते कुणाचे, हे रखवालदाराला ठाऊक असते. पण बाहेरून कुणी आपणहून आपल्या घरी यायचे म्हटले की, ‘‘कोणाकडे?’’ असे विचारून तो त्याला परत पाठवतो. मुलीने डब्लिनहून केलेली मागणी महिनाभर अशी फाटकावरूनच परत जात होती. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला की ‘‘राउटर बंद करून चालू करा,’’ हे एकच उत्तर मिळे.

यातून सुटायचे तीन मार्ग आहेत. कंपनीकडून जादा पैसे देऊन स्वत:चा कायमचा पत्ता घेणे, हा एक. नव्या पद्धतीतले लांबलचक पत्ते वापरणे, हा दुसरा. त्यांचा तुटवडा नाही, पण दोन्ही टोकांना ती सोय असावी लागते. तिसरा मला सर्वांत पटला. घरच्या यंत्राने आणि परगावच्या फोनने, दोघांनीही आतून बाहेर निघून एकमेकांना गाठायचे आणि आपसांत एक खासगी भुयार खणायचे. असे भुयार खणण्याचे काम ‘वायरगार्ड’ नावाची प्रणाली करते. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली आहे. या भुयाराची किल्ली ज्याच्या फोनमध्ये आहे, तोच आत येतो. राउटरचे दार सरळ जगाकडे उघडे टाकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. उघड्या दारांची चाचपणी करत इंटरनेटवर अहोरात्र हिंडणारे कार्यक्रम असतात, हे विसरू नये.

चातुर्मासाचे काम

यंत्र बसवायला दोन रविवार पुरले. खरे काम कॅसेटींचे. पुस्तकाची पाने भराभर उलटता येतात. ९० मिनिटांची कॅसेट संगणकात उतरवायला ९० मिनिटेच लागतात. दिवसाला दोन धरल्या तर २४० कॅसेटींना चार महिने, म्हणजे अख्खा चातुर्मास. मात्र हे काम चातुर्मासात करू नये. दमट हवेत फितीवर बुरशी धरते, आणि ती वाजवणाऱ्या यंत्राच्या मुखाशी चिकटून पुढच्या कॅसेटीलाही लागते. आम्ही दिवाळीनंतर सुरुवात केली. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून मोकळी करायची, यंत्राचे मुख स्पिरिटने पुसायचे आणि मग उतरवायची.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही कॅसेट मुळात बोललेले टिपून घेण्यासाठी होती. तिच्यावर आपण आख्खे आयुष्य साठवले, हा आपला उत्साह. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपला ठसा उमटवतो. त्यामुळे कधीकधी गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधी त्याचाच पुसट आवाज ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पण ते भूत नव्हे, साधे चुंबकशास्त्र आहे. हा दोष काढण्याच्या फंदात पडू नये. जसे आहे तसे उतरवावे. साफसफाई नंतर प्रतीवर करता येते, मूळ प्रतीला हात लावू नये.

नाव कोण लावणार?

एवढे झाल्यावर आपल्याकडे काय जमा होते? तर बिननावाच्या शेकडो फायली. आणि इथे खरा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या कोष्टकात ‘कलाकार’, ‘अल्बम’, ‘वर्ष’ असे रकाने असतात. ते परदेशी गाण्यांच्या मापाने शिवलेले आहेत. संगीत ‘मानापमान’मधले पद यात कसे बसवणार? नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, पहिला प्रयोग १९११ चा, गाणारा नट वेगळा आणि पुढे ते पद मैफलीत गाणारे आणखी वेगळे. यांतला ‘कलाकार’ कोण आणि ‘वर्ष’ कोणते? ‘गीतरामायणा’चेही तसेच. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्याला एक या क्रमाने सुरू झाले, तेव्हा निरनिराळी गीते निरनिराळ्या गायक-गायिकांनी गायली होती. पुढे घराघरांत पोचले ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातले. कॅसेटीवर नुसते ‘गीतरामायण’ लिहिले असेल, तर ते यांतले कोणते हे ऐकल्याशिवाय कळत नाही.

प्रसिद्ध गाण्यांची ओळख तरी पुस्तकांत सापडते. घरगुती आवाजांची कुठे शोधायची? आमच्या एका कॅसेटीवर वडिलांच्या अक्षरात ‘घाणा १९७९ – अस्पष्ट’ एवढेच लिहिलेले होते. माझ्या बहिणीच्या लग्नाचा घाणा भरताना बायकांनी म्हटलेल्या ओव्या होत्या. टेपरेकॉर्डर शेजारून मागून आणलेला; जात्याची घरघर मोठी आणि आवाज मागे. त्यात चार बायका आहेत. आईचा आणि थोरल्या काकूंचा आवाज मला ओळखता आला. उरलेल्या दोघी कोण, ते कळेना. मी होते तेच नाव लावून ती फाइल इतरांबरोबर ठेवून दिली.

नवरीमुलगी म्हणून तिथेच बसलेल्या माझ्या बहिणीचे वय आता सत्तर झाले. गुडघ्यांमुळे तिला बेळगावाहून पुण्याला येणे जमत नाही. नातवाने फोनवर सगळे बसवून दिल्यावर तिने एका दुपारी ही फाइल लावली आणि संध्याकाळी मला फोन आला, ‘‘अरे, तिसरा आवाज वाड्यातल्या शिंपीणमावशींचा. जातं त्यांचंच नव्हतं का आणलं!’’ चौथा मात्र तिलाही लागला नाही. तो लागला इंदूरला. आतेबहिणीला रात्री झोप येत नाही, म्हणून ती आमच्या संग्रहात उगाच हिंडत असते. तिने ती ओवी ऐकली. ओवीत बायका आपल्या माणसांची नावे गुंफतात. चौथ्या बाईने आपल्या लेकीचे लाडके नाव गुंफले होते. ते नाव माझ्या आतेबहिणीचे होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी आत्या, १९८१ साली गेली. तेव्हा ही अकरा वर्षांची होती. आईमागे त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही, म्हणून आम्हा कुणाला ते आठवतही नव्हते. आईचा आवाज आपल्याला आठवत नाही, असे ती नेहमी सांगत असे.

तिने मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. फार बोलली नाही. ‘‘त्यावर माझ्या आईचं नाव लिही,’’ एवढेच म्हणाली. मी लिहिले.

कुणी म्हणेल, एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला? फाइल फोनवरून पाठवता आली असती. आली असती, पण कोणती पाठवायची हे मला कुठे ठाऊक होते? ‘अस्पष्ट’ असे लिहिलेली फाइल निवडून कुणी कुणाला पाठवत नाही. संग्रह सगळ्यांना खुला असला आणि ज्याला त्याला त्यात आपल्या वेळी, आपल्या ओढीने हिंडता आले, तरच अशी ओळख पटते. परगावी गाणे पोचवण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा उपयोग हाच. ऐकणाऱ्यांची सोय होते ती होतेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्यांना हे आवाज ओळखता येतात ती विखुरलेली माणसे आहेत तोवर, त्या आवाजांना नाव मिळते.

अल्लादियाखाँसाहेबांचे ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली एक रचना १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली आणि आज ती सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. गाणे याहून परगावी जाऊ शकत नाही! पण ती तबकडी पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि ती कशी वाजवायची, हे वरच्या आवरणावर आकृत्यांनी कोरले. नुसता आवाज धाडून भागत नाही, हे त्यांना माहीत होते.

कायदा, खर्च आणि वारस

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला रास्त मर्यादेत मुभा आहे. पण खासगी म्हणजे खासगी. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो आणि काव्याचे व चालीचे हक्क त्याहून वेगळे असतात. अमेरिकेत ‘एमपी३ डॉट कॉम’ या कंपनीने २००० साली गिऱ्हाइकांना त्यांच्याच सीडी कुठूनही ऐकवण्याची सोय केली होती. पण त्यासाठी हजारो सीडींच्या प्रती कंपनीने स्वत: करून ठेवल्या होत्या. त्याच वर्षी न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला. म्हणून किल्ली घरच्या चार माणसांनाच द्यावी; सोसायटीच्या गटावर वाटू नये.

खर्च विचाराल तर दहा वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तरी ८८ युनिट वीज लागते. खरा खर्च प्रतींचा. तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक परगावी असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. आमची एक प्रत बेळगावला बहिणीच्या लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या शेजारी आहे. जागा योग्य आहे.

शेवटची गोष्ट वारसाची. बँकेत असताना मी खातेदारांच्या मागे लागून नामनिर्देशनाचा अर्ज भरून घेत असे. पुष्कळांना तो अपशकुन वाटे. या संग्रहालाही तोच नियम लागू आहे. चालवणारा गेला की पासवर्ड जातो, यंत्र बंद पडते आणि पुढच्या दिवाळीत ते भंगारात निघते. म्हणून एका वहीत सर्व कृती साध्या मराठीत लिहिली आहे आणि भाचेसुनेचे नाव वारस म्हणून घातले आहे. तिला गाण्याची फारशी आवड नाही. पण ती व्यवस्थित आहे. वारसाच्या अंगी हा गुण अधिक महत्त्वाचा.

सर्व्हर आणि भुयारे सर्वांनाच जमतील असे नाही; शेजारपाजारचा एखादा कॉलेजातला मुलगा ते हौसेने करून देईल. पण त्याआधीचे एक काम कुणालाही जमण्यासारखे आहे, आणि ते नंतर करतो म्हणून चालत नाही. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून एक जुनी कॅसेट लावावी, आणि ‘हा आवाज कुणाचा?’ असे विचारून, मिळेल ते उत्तर तिच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई कालांतराने फुटते, पेन्सिल टिकते.